चाळीस वर्षं जुन्या शिडाच्या बोटीचं वायरिंग नव्याने केलं, त्याची हकिकत

इथे मेरीलँडमध्ये ओळखीच्या दोन-तीन मराठी घरांनी गेल्या काही काळात जुन्या सेलबोटी घेतल्यात आणि प्रत्येकाचा फोन मला एकाच वेळी येतो, म्हणजे इन्शुरन्स कंपनीचं पत्र हातात पडल्यावर. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय, तारखा, पैसे, वाट बघणं सगळ्यासकट.

आमची बोट १९८३ची. तीस फुटी, फायबरग्लासची, एक डोलकाठी, आत छोटं डिझेल इंजिन. अॅनापोलिसच्या दक्षिणेला चेसापीकच्या एका खाडीत मरीनात असते. २०२२च्या शेवटी घेतली, पहिला उन्हाळा छान गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पॉलिसी रिन्यू करायच्या वेळी कंपनीने नवा सर्व्हे, म्हणजे बोटीची तपासणी, मागितला. जुन्या बोटींना हे ठरावीक वर्षांनी मागतातच. सर्व्हेअर मिळायला तीन आठवडे गेले, फी फुटावर असते, आमचे ७२० डॉलर झाले. सर्व्हेअर सकाळी आठला आले आणि दुपारपर्यंत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट भागात, डोकं घालून बसले होते. रिपोर्टमध्ये तीन याद्या असतात, त्यातली पहिली म्हणजे बोट वापरायच्या आधी करायच्याच गोष्टी, आणि आमची ती यादी जवळजवळ सगळी वायरिंगचीच होती.

घरातल्या वायरिंगला लावतात ती पिळायची प्लॅस्टिकची टोपणं बोटीत चालत नाहीत, कंपनाने सुटतात, आमच्याकडे ती जागोजागी. बॅटरीतून पॅनलला जाणाऱ्या जाड वायरला फ्यूजच नाही. शोअर पॉवरचा, म्हणजे धक्क्यावरून १२० व्होल्ट घ्यायचा सॉकेट आतून काळा पडलेला. आणि इंजिनच्या वायरिंगमध्ये ट्रेलरच्या दिव्यांना असतो तसला प्लग, एका बाजूने वितळलेला. हे शेवटचं वाचून मला खरंच झोप लागली नाही, कारण त्याच बोटीत आम्ही उन्हाळाभर मुलांना घेऊन झोपलो होतो.

रिपोर्टमध्ये सारखं एबीवायसी, एबीवायसी येतं. ही अमेरिकन बोट अँड यॉट काउन्सिल, १९५४ची संस्था, ऑफिस अॅनापोलिसमध्येच आहे. त्यांचं ई-११ नावाचं स्टँडर्ड बोटीच्या वायरिंगचं. तो कायदा नाही, पाळणं ऐच्छिक आहे, पण सर्व्हेअर त्यावरूनच तपासतो आणि इन्शुरन्सवाले सर्व्हेअरचं ऐकतात, त्यामुळे आपल्यासाठी तो कायदाच समजायचा.

कंपनीने दुरुस्तीला साठ दिवस दिले. साठ दिवसांत हे होणं शक्य नव्हतं. मी मुदतवाढीची ईमेल केली आणि तिच्यासोबत यार्डचा, म्हणजे बोटी जमिनीवर ठेवतात त्या जागेचा, हिवाळ्यासाठी बोट वर काढायचा करार, इलेक्ट्रिशियनचं कोटेशन आणि मी काय काय कधी करणार याचं एक पान जोडलं. आठवड्याने उत्तर आलं की पॉलिसी रद्द न करता तिचं रूपांतर फक्त जागेवर उभ्या असलेल्या बोटीच्या कव्हरमध्ये करू, म्हणजे बोट यार्डात आहे तोवर विमा आहे, पाण्यावर हलवली तर नाही. नुसती 'वेळ द्या' अशी विनंती केली असती तर मिळाली असती असं मला वाटत नाही, कागद जोडा.

कोटेशन दोन घेतली. एक अकरा हजार डॉलर, एक ७८००, आणि दोघांनाही वेळ थेट एप्रिलमध्ये. इथे मरीन इलेक्ट्रिशियन तेव्हा तासाला १३० ते १५० डॉलर घेत होते आणि कामाचा मोठा भाग म्हणजे लॉकरमध्ये अंग आक्रसून घुसणं आणि जुन्या वायरीचा माग काढणं, त्याचेही तास लागतातच. शेवटी ठरवलं की १२ व्होल्टचं डीसी, म्हणजे बॅटरीवरचं, मी करीन आणि १२० व्होल्टचं एसी, म्हणजे धक्क्यावरच्या विजेचं, सर्टिफाइड माणसाकडून करून घ्यायचं. हा निर्णय मी आजही बदलणार नाही. पाण्यावर एसीतली गळती माणसाचा जीव घेते, तिथे शिकत शिकत काम करायचं नसतं.

माझे बाबा सांगलीला असतात, नोकरी एमएसईबीत झाली. हिवाळ्यात इथे सकाळचे आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा, चहा झालेला असतो, तेव्हा व्हिडिओ कॉल. पहिल्याच कॉलला मी वायरी दाखवायला लागले तर म्हणाले, "अगं, वायर ओढायला काय, कुणीही ओढेल. कुठली वायर कुठून आली आणि कुठे गेली ते आधी कागदावर काढ, मग पक्कड हातात घे." बोट त्यांनी कधी आतून बघितलेली नाही, पण या सगळ्या कामात मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला तोच.

तर ऑक्टोबर आणि अर्धा नोव्हेंबर फक्त कागद. बोट अजून पाण्यातच होती आणि शनिवार-रविवार मी ए-३ आकाराच्या कागदावर एकेक सर्किट काढत गेले. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप आणि नंबर, तोच नंबर कागदावर. पद्धत अशी की बॅटरीचं स्विच बंद, वायरीचं एक टोक सोडवायचं, मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर ठेवायचा, एक लांब जोडवायर घेऊन दुसरं टोक शोधायचं, नवरा पुढच्या केबिनमधून ओरडणार "वाजलं" की नंबर टाकायचा. चाळीस वर्षांत किती मालकांनी काय काय लावलं आणि काढलं याचा सगळा इतिहास तिथे होता. एक जाडसर वायरीची जोडी पॅनलमागे निघून नॅव्हिगेशनच्या टेबलापाशी नुसतीच कापलेली, टेप गुंडाळलेली आणि अजून फ्यूजवर जिवंत! ती लोरान रिसीव्हरची होती. लोरान-सी ही रेडिओवरून जागा शोधायची यंत्रणा अमेरिकेने २०१०लाच बंद केली, पण आमच्या बोटीत तिला वीज चालूच. स्टिरिओच्या दोन पिढ्या, काढून टाकलेल्या डेप्थ साउंडरची, म्हणजे पाण्याची खोली मोजायच्या यंत्राची वायर, आणि बिल्ज पंपाचं निगेटिव्ह कुणीतरी केबिनच्या दिव्याच्या निगेटिव्हला नेऊन जोडलेलं. पाणी भरलं तर बोट वाचवणारा पंप एका दिव्याच्या बारीक वायरीच्या भरवशावर होता.

जुन्या वायरी इतक्या खराब का होतात तर साधं तांबं. खारी हवा इन्सुलेशनच्या आत टोकाकडून शिरते आणि तार आतून काळी पडत जाते, बाहेरून काही दिसत नाही. फूटभर सोलली तरी काळीच निघाली तर ती वायर गेली, नवं टोक लावून उपयोग नाही. म्हणून बोटीत प्रत्येक तारेवर कथलाचा थर असलेली, बारीक पदरांची वायर घेतात. घरातली एकतारी वायर कंपनाने तुटते.

सामानाची खरेदी ऑक्टोबरमध्ये अॅनापोलिसला सेलबोट शो असतो तिथे बरीचशी झाली, शोच्या भावात. यादी मात्र ड्रॉइंग झाल्यावरच पक्की करा, कारण लांबी आणि गेज, म्हणजे वायरीची जाडी (आकडा लहान तितकी वायर जाड), त्यातून निघतं. १४ गेजची दोनपदरी वायर दोन रीळ, १०ची एक, बॅटरीसाठी जाड केबल, पॅनल, बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची पट्टी), फ्यूज, आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंकची टोकं, ती चेपायचं रॅचेटवालं क्रिंपर. क्रिंपरचे ७० डॉलर गेले तेव्हा जड वाटले, पण पक्कडीने चेपलेलं टोक आणि त्याने चेपलेलं टोक ओढून बघा, फरक हाताला कळतो. मी प्रत्येक टोक ओढून बघत होते, जे हललं ते कापून परत. बॅटरीच्या जाड केबलचे लग, म्हणजे टोकाच्या कड्या, मात्र घरी करू नका, दुकानात लांबी दिली की हायड्रॉलिक प्रेसवर करून देतात, थोडेच जास्त पडतात.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोट वर काढली आणि त्याच क्रेनने डोलकाठी उतरवून घेतली, तिचे वेगळे ५५० डॉलर. यार्डचे नियम वाचून घ्या. आमच्याकडे मालकाने स्वतः काम केलेलं चालतं, फॉर्मवर सही करावी लागते. बाहेरचा माणूस आणला तर त्याचं विमा सर्टिफिकेट आधी ऑफिसात द्यायचं आणि त्यावर यार्डचं नाव हवं, त्याला आठवडा जातो. रात्री बोटीला वीज जोडून ठेवता येत नाही, त्यामुळे हीटर लावून बोट उबदार ठेवणं शक्य नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आत शून्याच्या खाली असायचं, थंडीत वायरीचं इन्सुलेशन ताठ होतं, बोटं चालत नाहीत. मी टोकं घरी डायनिंग टेबलावर करून न्यायला लागले, एका बाजूची तरी.

काम बॅटरीपासून सुरू केलं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक ते हलक्यात घेतात, पण तिथे धोका आगीचा असतो. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. बायकांनो, बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र आधी काढून घरी ठेवा, पुरुषांनी अंगठी आणि कडं. हे मी कळकळीने सांगतेय.

नियम असा की पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज पाहिजे, वायर पाइपात किंवा आवरणात असेल तर थोडी सूट, स्टार्टरच्या केबलला पूर्ण सूट. मी बॅटरीच्या टर्मिनलवरच बसतो तसला फ्यूज घेतला, जागेचा प्रश्नच संपला. बॅटरी म्हणजे गोल्फ कार्टला लागतात त्या सहा व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्ट आणि साधारण २२० अँपिअर-तास, आणि स्टार्टरला वेगळी एक. लिथियम घ्या असं सगळे म्हणत होते. पण लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, आमचा छोटा जुना अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीने चालून तापला असता, शिवाय शून्याच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते आणि इन्शुरन्सचे प्रश्न वाढले असते ते वेगळंच. ज्यांना लिथियम घ्यायचंय त्यांनी अल्टरनेटर आणि चार्जरचा खर्च त्यातच धरावा.

बिल्ज पंप मेन स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसकट. सगळं बंद करून घरी गेलो तरी पंप चालला पाहिजे. हे पहिल्याच दिवशी जोडलं.

इंजिनच्या हार्नेसला, म्हणजे त्याच्या वायरींच्या जुडग्याला, जानेवारी पूर्ण गेला. त्या काळच्या बऱ्याच बोटींमध्ये कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या उघड्या जागेत, अॅमीटर (करंट मोजायचा मीटर) असतो, म्हणजे अल्टरनेटरचा सगळा करंट इंजिनापासून कॉकपिटपर्यंत वर जातो, मीटरमधून फिरतो आणि परत खाली येतो, वाटेत दोनदा त्या ट्रेलरसारख्या प्लगमधून. चाळीस वर्षांनी प्लगचे पाय गंजले की तिथे उष्णता, मग वितळणं. आता अल्टरनेटरची जाड वायर फ्यूजमधून सरळ बॅटरीकडे जाते, अॅमीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवला, प्लग काढून स्क्रूच्या टर्मिनल पट्ट्या लावल्या. सामान १८० डॉलरचं. जुनी बोट असेल आणि बाकी काही करायचं नसेल तरी एवढं करा. इंजिन पूर्वीपेक्षा पटकन सुरू होतं हे नवऱ्याच्याही लक्षात आलं, डिझेल इंजिन सुरू करताना तापवणाऱ्या ग्लो प्लगला आता पूर्ण व्होल्टेज मिळतं.

फेब्रुवारीत पॅनल आणि आतले दिवे. रंगांचं सांगायचं तर पॉझिटिव्ह लाल, आणि निगेटिव्हला काळ्याऐवजी पिवळी घेतली, कारण अमेरिकन एसीत काळी वायर म्हणजे जिवंत फेज. बोटीत दोन्ही शेजारी असतात, उद्या कुणी दुसऱ्याने काळी बघून डीसीची समजून हात लावायला नको. जुनी वायर ओढून काढताना तिच्या शेपटीला नायलॉनची दोरी बांधायची म्हणजे नवीसाठी वाट तयार राहते, आणि नवीसोबत परत एक दोरी आत सोडून ठेवायची. दर दीड फुटावर क्लिप. सगळी सर्किट्स एकदम उघडली नाहीत. एक काढलं, नवं घातलं, दिवा लागला, ड्रॉइंगवर हिरवी खूण, मगच पुढचं. डोकं शांत राहिलं ते त्यामुळे.

डोलकाठी यार्डात लाकडी घोड्यांवर आडवी होती, तिचं काम मार्चमधल्या उबदार दुपारी झालं. लांबीचा हिशोब करताना जायची आणि यायची दोन्ही मोजतात. पॅनलपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत साठ फूट म्हणजे वायर १२० फूट. नॅव्हिगेशनच्या दिव्यांना तीन टक्क्यांपेक्षा जास्त व्होल्टेज पडायला नको. जुना २५ वॉटचा बल्ब दोन अँपिअर घेतो, १४ गेजवर १२० फुटांत जवळजवळ ०.६ व्होल्ट, म्हणजे पाच टक्के जातात, बल्ब पिवळट दिसतो. एलईडी पाव अँपिअर घेतो, तिथे तीच वायर पुरून उरते. पण एलईडी स्वस्तातला घेऊ नका. कोस्ट गार्डच्या मान्यतेचा शिक्का बघा, आमच्या आकाराच्या बोटीचा अँकर लाइट, म्हणजे नांगर टाकल्यावर लावायचा दिवा, दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. आणि काही एलईडी व्हीएचएफ रेडिओत, म्हणजे बोटीवरच्या बोलायच्या रेडिओत, गोंधळ करतात, २०१८ मध्ये कोस्ट गार्डने तशी सूचनाच काढली होती. तपासायची रीत सोपी आहे. रेडिओ शांत चॅनलवर लावायचा, खरखर नेमकी थांबेल एवढाच स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) फिरवायचा आणि मग दिवा लावायचा. खरखर परत आली तर तो दिवा परत करायचा. आमचा एक परत केला.

एसीवाला माणूस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. नवा इनलेट, त्याच्यापासून दहा फुटांच्या आत मेन ब्रेकर, आणि तो ब्रेकर असा की ३० मिलिअँपिअर गळती झाली की स्वतः तोडतो. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धक्क्याच्या अर्थिंगमधून येणाऱ्या बारीक करंटने बोटीचा धातू गंजू नये म्हणून), नवा चार्जर. १९५० डॉलर सामानासकट. मी शेजारी बसून बघत होते, त्याने न कंटाळता सगळं समजावलं.

एप्रिलच्या शेवटी बोट पाण्यात गेली, केबल लावली आणि धक्क्यावरचा विजेचा खांबच ट्रिप झाला. परत लावला, परत ट्रिप. छातीत धडधडायला लागलं. मरीनाने त्याच हिवाळ्यात नवे खांब बसवले होते, तेही गळती बघतात. इलेक्ट्रिशियनने फोनवर सांगितलं की सगळे ब्रेकर बंद कर आणि एकेक चालू कर. पाणी तापवायच्या टाकीपाशी येऊन ट्रिप झालं. हीटरचं एलिमेंट आतून फुटलेलं, वीज टाकीच्या पत्र्यात आणि तिथून अर्थिंगच्या वायरीतून पाण्यात. किती वर्षं असेल कुणास ठाऊक, जुन्या खांबाला ते कळत नव्हतं. नवीन एलिमेंट ४० डॉलर. मरीनात पोहायचं नाही हा नियम माझ्या मुलांना आता पाठ आहे, खाडीचं पाणी कितीही छान दिसलं तरी, आणि गोड्या पाण्यात तर हा धोका आणखी जास्त.

मग परत कागद. सर्व्हेअरने पुन्हा येऊन बघायचे २०० डॉलर घेतले. माझं ड्रॉइंग, पावत्या आणि झाकण लावायच्या आधी काढलेले फोटो बघून त्यांचं काम तासाभरात झालं. भिंतीमागे वायर गेली की ती कुणालाच दिसत नाही, म्हणून फोटो काढत चला, टेप मापासकट. त्यांचं पत्र, इलेक्ट्रिशियनचं बिल आणि सही केलेली यादी इन्शुरन्सला पाठवली मे महिन्यात, तीन आठवडे काहीच नाही, मग फोनवर कळलं की अॅटॅचमेंट मोठी असल्यामुळे ईमेल पोचलीच नव्हती. पीडीएफ लहान करून परत पाठवली आणि जूनच्या सात तारखेला पूर्ण कव्हर परत मिळालं. मे महिन्याची सगळी सुंदर हवा आम्ही धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसून बघितली.

एकूण खर्च सर्व्हे, डोलकाठी, एसी सगळं धरून ६४०० डॉलरच्या आसपास, त्यात साधारण ३०० डॉलरची हत्यारं, जी राहतात. जूनमध्येच ऱ्होड नदीत नांगर टाकून रात्र काढली, फ्रिज, दिवे, अँकर लाइट सगळं चालू, सकाळी बॅटरी १२.५ व्होल्टवर. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी आधी विचारलं, "ड्रॉइंगची कॉपी बोटीवर ठेवलीस का?" ठेवली आहे, लॅमिनेट करून, पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला.

सोलर राहिलंय, ते पुढच्या हिवाळ्यात. यार्डची हिवाळ्याची यादी ऑगस्टमध्येच भरते, तेव्हा ज्यांना यंदा करायचंय त्यांनी आत्ताच फोन करून तारीख धरा आणि डोलकाठी उतरवायचीय हे त्याच फोनवर सांगा, नाहीतर क्रेन दुसऱ्यांदा लावायचे वेगळे पैसे पडतात.